गाडी तीन मिनिटांत का झोपते? लेगोच्या वेगवान रिमोट बगीचं दुखणं शोधताना

"मावशी, गाडी परत झोपली."

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा रत्नागिरीला आला की हे वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर पडायचं. गाडी म्हणजे आम्ही दोघांनी लेगो टेक्निकच्या तुकड्यांतून जोडलेली बगी. मागच्या दोन चाकांना ओढ देणारी एक बगी मोटर, पॉवर फंक्शन्सचा (लेगोच्या मोटर-रिमोटच्या जुन्या मालिकेचा) सहा पेन्सिल सेलचा बॅटरी बॉक्स, इन्फ्रारेड रिसीव्हर, स्टिअरिंगला सर्वो मोटर, ८१.६ मिलिमीटर व्यासाचे फुगीर टायर. वजन किलोच्या आसपास. अंगणात सोडली की पहिली दोन मिनिटं लाल माती उडवत सुसाट पळायची. तिसऱ्या मिनिटाला सुस्तावायची आणि मग जागच्या जागी थांबायची. पाच-सात मिनिटांनी आपोआप जागी व्हायची, पण या खेपेला दीड मिनिटच पळायची.

वेगवान गाडी बनवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हे दुखणं एकदा तरी भेटतं, आणि एकदा भेटलं की पुन्हा पुन्हा भेटत राहतं. कारण आपण दर वेळी चुकीचा भाग बदलतो. मी आधी सेल बदलले, मग रिसीव्हर बदलला, मग दुसरी मोटर मिळवायच्या मागे लागले. बगी मोटर लेगोने २००२ मध्ये ८४७५ क्रमांकाच्या रेस बगीबरोबर आणली होती. आता ती जुन्या बाजारातच मिळते आणि स्वस्त नसते. त्यामुळे मोटरवर पैसे घालण्याआधी हे सगळं वाचा, असं कळकळीने सांगते. आमची मोटर ठणठणीत होती. दुखणं गियरच्या निवडीत आणि घर्षणात होतं.

झोपते म्हणजे नेमकं काय होतं

या इलेक्ट्रिक भागांमध्ये स्वतःला वाचवण्याची सोय असते. मोटरमध्ये किंवा बॅटरी बॉक्समध्ये एक छोटा, आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज असतो. साधा फ्यूज वितळला की संपला. हा तसा नाही. त्यात प्लास्टिकसारख्या पदार्थात कार्बनचे कण मिसळलेले असतात आणि त्या कणांच्या साखळीतून वीज वाहते. करंट जास्त झाला की पदार्थ तापतो, फुगतो, कण एकमेकांपासून सुटतात आणि वाट जवळजवळ बंद होते. थंड झाला की साखळी पुन्हा जुळते. रिसीव्हरमधली चिपसुद्धा फार तापली की हात वर करते.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही आम्हाला उशिरा कळल्या.

पहिली अशी, की हा फ्यूज एकदा उघडला की त्यातून जो अगदी थोडा करंट झिरपत राहतो, तेवढ्यानेही तो गरम राहू शकतो. गाडी थांबली की भाचा रिमोटचा खटका तसाच पुढे दाबून धरायचा, "आत्ता उठेल, आत्ता उठेल" म्हणत. खटका दाबलेला असेपर्यंत ती उठणार कशी? गाडी झोपली की बॅटरी बॉक्सचा स्विच बंद करा आणि तीन-चार मिनिटं सावलीत ठेवा. एवढ्यानेच जागं होण्याचा वेळ आमच्याकडे निम्म्यावर आला.

दुसरी गोष्ट हवेची. बाहेर जितकं गरम, तितक्या कमी करंटला हा फ्यूज उघडतो. दुपारी दोनला चिऱ्यांच्या तापलेल्या अंगणात दोन मिनिटांत झोपणारी गाडी सकाळी सातला चार मिनिटं टिकायची. "सकाळी बरी चालते, दुपारी बिघडते" असं कोणी सांगितलं, तर मी आता करंटवरच संशय घेते.

पण आधी एक खात्री: ती झोपली की तिला ऐकूच आलं नाही?

इन्फ्रारेड रिमोट वापरत असाल तर कडक उन्हात रिसीव्हरला रिमोटचा प्रकाश ओळखू येत नाही. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, गाडी थांबलेली. फरक ओळखायला जवळ जा आणि रिसीव्हरवरचा हिरवा दिवा पाहा. चालू असताना तो लागलेला असतो आणि रिमोटचा हुकूम पोचला की लुकलुकतो. खटका दाबल्यावर दिवा लुकलुकत नसेल तर गाडीला ऐकू येत नाहीये. रिसीव्हरच्या काळ्या घुमटावर हाताची सावली धरा. लगेच चालली तर हा लेख तुमच्यासाठी नाही. घुमटाभोवती दोन-तीन पॅनल लावून छज्जा करा, किंवा ब्लूटूथवर चालणारा बाहेरचा कंट्रोलर वापरा. हंगेरीतला एसब्रिक आणि स्लोव्हेनियातला बुविझ हे त्यातले माहितीतले आहेत.

दिवा लुकलुकतोय, स्टिअरिंगही वळतंय आणि तरी मागची चाकं ढिम्म, असं असेल तर ती खरंच झोपली आहे. पुढे वाचा.

सेलचा विषय एकदाचा मिटवून टाका

किराणा दुकानात घड्याळासाठी आणि टीव्हीच्या रिमोटसाठी जे स्वस्त पेन्सिल सेल मिळतात, ते बहुतेक झिंक-कार्बनचे असतात. ते या कामाला अजिबात चालत नाहीत. त्यांच्या पोटातला अडथळाच इतका असतो की मोटरने करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं. चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीचंही तेच. आकडा ९ लिहिलेला असला तरी ती बगी मोटर ओढू शकत नाही.

अल्कलाइन सेल बरे, पण तेही या मोटरपुढे दमतात. ताज्या अल्कलाइन पेन्सिल सेलचा आतला अडथळा साधारण ०.१५ ते ०.३ ओहम असतो. सहा सेल एकापुढे एक जोडले की एक ते पावणेदोन ओहम होतो. २ अँपिअर ओढले की दोन ते साडेतीन व्होल्ट सेलच्या पोटातच जातात. म्हणजे मोटरला ९ ऐवजी साडेपाच ते सात व्होल्ट मिळतात आणि सेल गरम होतात ते वेगळंच. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचे, म्हणजे सहांचे ७.२ व्होल्ट. कागदावर कमी वाटतात, पण त्यांचा अडथळा इतका कमी असतो की ओझ्याखाली ते अल्कलाइनच्या पुढे राहतात. आम्ही २००० एमएएचचे सहा घेतले. त्यानंतर सेल हा प्रश्नच उरला नाही. मात्र सहाच्या सहा एकाच वयाचे असू द्या. एक म्हातारा सेल बाकीच्या पाचांना खाली ओढतो.

बॅटरी बॉक्सच्या पत्र्यांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर खोडरबराने घासून काढा. कोकणच्या हवेत हे फार लवकर होतं.

कोण झोपतंय ते शोधा

सेल चांगले आहेत आणि तरी झोपते, तर रिसीव्हर वगळून पाहा. मोटरची वायर थेट बॅटरी बॉक्सला लावा, गाडी उंच धरा, चाकं हवेत, आणि पाच मिनिटं फिरू द्या. मग चाकांवर चिंधीने हलका दाब द्या, जमिनीवर पळताना असतो तसा. रिसीव्हरशिवाय ती टिकली आणि रिसीव्हर लावल्यावर झोपली, तर रिसीव्हरची ताकद कमी पडतेय. दोन्हीकडे झोपली तर मोटर किंवा बॉक्स.

आमची दोन्हीकडे झोपली. त्या दिवशी माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं की कोण झोपतंय यापेक्षा एवढा करंट का लागतोय, हे विचारायला हवं.

त्यासाठी मल्टीमीटर लागतो. पॉवर फंक्शन्सच्या वायरमध्ये चार तारा असतात. बाहेरच्या दोन बॅटरीचे अधिक-उणे, मधल्या दोन मोटरकडे जाणाऱ्या. एक फालतू एक्स्टेन्शन वायर घ्या, मधल्या दोनांपैकी एकच तार कापा आणि तिच्या दोन टोकांमध्ये मीटर जोडा. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला. मिलिअँपिअरच्या भोकात घातली तर मीटरचा फ्यूज उडेल. मीटर गाडीच्या पाठीवर रबरबँडने बांधला की पळतानाचा आकडाही मोबाइलने टिपता येतो.

नुसती मोटर, काही न जोडता: ०.१७ अँपिअर. गाडीत बसवून चाकं हवेत: ०.७५. अंगणात पळताना: २ अँपिअरच्या वर.

मधला आकडा नीट पाहा. चाकं हवेत आहेत, गाडी काहीच ओढत नाहीये, आणि तरी मोटर चौपटीहून जास्त करंट घेतेय. म्हणजे गाडी स्वतःशीच भांडतेय.

बोटाने फिरवून पाहायची परीक्षा

मोटर काढून टाका. गाडी उचला, मागचं एक चाक बोटाने टिचकी मारून फिरवा आणि किती फिरतं ते मोजा. आमचं अर्धा फेराही फिरत नव्हतं. आता एकेक भाग काढत जा आणि प्रत्येक वेळी टिचकी मारा. ज्या भागापाशी चाक एकदम मोकळं होतं, तिथे दुखणं आहे. दुपारभर आम्ही पडवीत सतरंजी टाकून हेच करत बसलो होतो. आमच्या गाडीत चार ठिकाणी सापडलं.

सगळ्यात पहिलं म्हणजे बुश, ॲक्सलवर घट्ट बसणारी छोटी कडी. ॲक्सल सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंनी बुश घट्ट दाबून बसवायची सवय सगळ्यांना असते, मलाही होती. पण बुश बीमला (ॲक्सल ज्या भोकांच्या पट्टीतून जातो तिला) चिकटून फिरला की तो ब्रेकच झाला. बुश आणि बीममध्ये पोस्टकार्डाइतकी फट हवी. ॲक्सल हलवल्यावर किंचित टकटक वाजला पाहिजे. नुसते चार बुश ढिले केल्यावर ०.७५ चा आकडा ०.५५ वर आला.

दुसरं, ॲक्सल तीन बीममधून आरपार गेला होता. दोन भोकांत तो सरळ राहतो. तिसरं भोक केसभर जरी वाकडं असलं तरी तो अडकतो, कारण जोडताना बीम थोडे पिळले जातातच. तिसरा आधार काढला किंवा तिथली चौकट आयताकृती फ्रेमने घट्ट केली की सुटतो. ज्या जागी गियर बसतो, तिथे ५ बाय ७ किंवा ५ बाय ११ ची एकसंध फ्रेम वापरलीत तर हा प्रश्न मुळातच येत नाही. बीम-बीम जोडून बनवलेली चौकट आणि साच्यातून एक तुकडा निघालेली फ्रेम यांच्या ताठपणात फार फरक आहे.

तिसरं भाच्याने शोधलं. उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला, बुश आणि बीमच्या फटीत त्याला काहीतरी तपकिरी दिसलं. चिमट्याने ओढलं तर काथ्याचा धागा. ओढता ओढता वीतभर निघाला. अंगणात नारळ सोलतो, सोडणाचे तंतू तिथेच पडलेले असतात आणि वेगात फिरणारा ॲक्सल त्यांना सुतासारखं गुंडाळून घेतो. फिरता फिरता ते इतके घट्ट बसले होते की बुशचाच भाग वाटत होते. गवत, केस, लोकरीचा धागा, सगळ्याचं हेच होतं. आता दर पंधरा मिनिटांनी गाडी उलटी करून आम्ही तिथे बघतो.

चौथं म्हणजे टायर. गाडी टेबलावर असताना टायर आणि सस्पेन्शनच्या आर्ममध्ये अर्ध्या स्टडची फट दिसत होती (स्टड हे लेगोचं माप, एक स्टड म्हणजे ८ मिलिमीटर). पण उडी मारून खाली आली की स्प्रिंग दबते, आर्म वर येतो आणि टायर त्याला घासतो. आर्मच्या आतल्या कडेला एक काळी चकचकीत पट्टी उमटली होती, तीच खूण. जड बॅटरी बॉक्स मागे असेल तर नरम स्प्रिंग उभ्या जागीच अर्धी दबलेली असते. पिवळ्या स्प्रिंगचे कडक शॉक लावा, किंवा चाक एक स्टड बाहेर घ्या.

जोडीला एक सूचना. सस्पेन्शन असं बसलं की युनिव्हर्सल जॉइंट, गॅरेजवाले ज्याला क्रॉस म्हणतात, तो कायम वाकलेल्या कोनात फिरतो. कोन जितका मोठा, तितकी अडखळ आणि तितका करंट. गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना तो जवळपास सरळ दिसला पाहिजे. एका दांड्यावर दोन क्रॉस असतील तर दोघांचे काटे एकाच दिशेत बसवा. आडवे-उभे बसले तर चाक एका फेऱ्यात दोनदा पुढे-मागे धडपडतं.

तेल घालू का, असं शेजारच्या आजोबांनीही विचारलं. खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल घालू नका. काही तेलांनी हे प्लास्टिक तडकतं, आणि तेलाला लाल माती चिकटून भोकात लेप बसतो. घालायचंच असेल तर थेंबभर सिलिकॉन ग्रीस, तेही फक्त गियरला, बंद खोक्याच्या आत.

एवढं झाल्यावर चाकं हवेत असतानाचा करंट ०.३५ वर आला. टिचकी मारल्यावर चाक चार-पाच फेरे फिरू लागलं. गाडी पाच मिनिटं टिकू लागली. आणि मग पुन्हा झोपली.

कागदावरचा वेग आणि अंगणातला वेग

उरलेलं दुखणं माझ्या हिशेबात होतं.

बगी मोटरला दोन आरपार भोकं आहेत आणि दोघांचा वेग वेगळा. ९ व्होल्टवर मोकळी फिरताना एका भोकातून मिनिटाला साधारण १२४० फेरे मिळतात, दुसऱ्यातून साधारण १७००. कुठलं कुठलं हे ओळखायला दोन्हींत ॲक्सल घालून एकाला हाताने सावकाश दहा फेरे द्या. दुसरा चौदाला थोडे कमी फेरे फिरला, तर तो वेगवान.

आमचं चाक ८१.६ मिलिमीटरचं, म्हणजे एका फेऱ्यात २५६ मिलिमीटर अंतर. १२४० च्या भोकावरून थेट चाक फिरवलं तर मिनिटाला ३१७ मीटर, ताशी १९ किलोमीटर. मला ते कमी वाटलं. म्हणून मी मोटरला २० दात्यांचा आणि चाकाच्या ॲक्सलला १२ दात्यांचा गियर लावला. वेग १.६७ पट. कागदावर ताशी ३१ किलोमीटरच्या वर. भाचा जाम खूश झाला होता.

पण डीसी मोटरचा स्वभाव ठरलेला आहे. मोकळी असताना ती सर्वात जास्त वेगाने फिरते आणि सर्वात कमी करंट घेते. अडवून धरली की वेग शून्य आणि करंट सर्वात जास्त, या मोटरचा तर ३ अँपिअरच्या वर. मधल्या सगळ्या स्थिती एका सरळ रेषेवर असतात. वेग जितका दाबला जाईल, तितका करंट चढतो. आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे करंट दुप्पट झाला की मोटर चौपट तापते.

वेग वाढवणारा गियर लावला की मोटरला तेवढीच जास्त ताकद द्यावी लागते. मातीतून एक किलोचं ओझं ओढताना ती ताकद तिच्यापाशी नसते, म्हणून तिचा स्वतःचा वेग पडतो. आम्ही अंगणात चुन्याने दहा मीटरच्या दोन रेषा मारल्या आणि घड्याळ लावलं. २०:१२ गियरवर दहा मीटरला ४.२ सेकंद. म्हणजे ताशी साडेआठ किलोमीटर. कागदावरच्या एकतीसपैकी साडेआठ! मोटर आपल्या मोकळ्या वेगाच्या चौथ्या हिश्शाने कशीबशी फिरत होती आणि २ अँपिअरच्या वर ओढत होती.

मग गियर काढून १:१ केलं. दहा मीटरला २.९ सेकंद, ताशी बारा किलोमीटरच्या वर. करंट १.१ अँपिअर.

कागदावर गाडी हळू केली आणि जमिनीवर ती वेगवान झाली. हे आकडे वहीत लिहिताना मला स्वतःला दोनदा मोजावंसं वाटलं, म्हणून दोनदा मोजले. भाच्याला पटायला वेळ लागला. "मावशी, मोठा गियर लावला की फास्ट जायला पाहिजे ना?" मी त्याला त्याची सायकल आठवायला सांगितलं. भाट्याच्या चढावर तो सगळ्यात जड गियर टाकून चढतो का?

तुमच्या गाडीचा योग्य गियर कसा ओळखायचा, त्याची साधी पद्धत हीच. दहा मीटर मोजा, वेळ लावा, त्यावरून खरा वेग काढा आणि त्याला कागदावरच्या मोकळ्या वेगाने भागा. उत्तर ०.६ ते ०.७ च्या आसपास आलं तर मोटर सुखात आहे. ०.५ च्या खाली आलं तर गियर खाली उतरवा, गाडी कितीही चांगली पळताना दिसत असली तरी. ०.८ च्या वर आलं तर अजून थोडा वेग मागायला जागा आहे. मोठं चाक लावणं म्हणजेही गियर वाढवणंच आहे, हे विसरू नका. ८१.६ काढून १०७ मिलिमीटरचे टायर लावले तर ओझं जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतं. पुष्कळ जणांची चांगली चालणारी गाडी नवे मोठे टायर घातल्याच्या दिवसापासून झोपायला लागते, ती यामुळे.

कटकट आवाज आला तर

झोपण्याबरोबर बऱ्याचदा दुसरं दुखणं येतं. जोर दिला की कटकट कटकट, आणि गाडी जागेवर. गियरचे दाते एकमेकांवरून उडी मारतायत. हा आवाज ऐकला की खटका लगेच सोडा, कारण प्रत्येक कट म्हणजे दात्याची थोडी झीज.

काटकोनात बसणारे गियर जोर आला की एकमेकांना दूर ढकलतात. तो त्यांच्या दात्यांच्या तिरकेपणाचा गुण आहे, टाळता येत नाही. म्हणून गियरच्या पाठीला आधार हवा. दोन्ही गियर एकाच फ्रेमच्या पोटात बसवा, प्रत्येक ॲक्सल गियरच्या अगदी जवळ धरलेला असू द्या, आणि ॲक्सलला मागे सरकायला जागा देऊ नका. शक्य तिथे एका टोकाला टोपी असलेला ॲक्सल वापरा. वर बुशला फट ठेवा म्हटलं आणि इथे सरकू देऊ नका म्हणते, हे उलटसुलट वाटेल. पण मोजमाप वेगळं आहे. पोस्टकार्डाची फट चालते, अर्ध्या स्टडची नाही.

समांतर ॲक्सलवरच्या गियरमध्ये अंतराचा हिशेब चुकलेला असू शकतो. लेगोच्या गियरचा व्यास मिलिमीटरमध्ये दात्यांइतकाच धरायचा. दोघांचे दाते मिळवा, दोनने भागा, तेवढे मिलिमीटर अंतर हवं. १२ आणि २० मिळून ३२, निम्मे १६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर दोन स्टड. ८ आणि २४ चंही तेच. २४ आणि २४ ला तीन स्टड. २० आणि २० ला मात्र अडीच. ते दोन स्टडवर बसतच नाहीत आणि तीनवर एकमेकांना भिडतच नाहीत, म्हणून तिथे अर्ध्या स्टडचा तुकडा लागतो.

आणि गाडीत कुठे ती २४ दात्यांची पांढरी क्लच गियर राहिली असेल, जिच्यावर २.५ ते ५ एनसीएम (न्यूटन-सेंटिमीटर, पिळण्याच्या जोराचं माप) असं छापलेलं असतं, तर ती मागच्या चाकांच्या वाटेतून काढा. ठरावीक जोरापलीकडे घसरण्यासाठीच ती बनवली आहे.

दोन एल मोटर असतील तर

बगी मोटर सगळ्यांकडे नसते. पॉवर फंक्शन्समधल्याच दोन एल मोटर जोडून केलेली गाडी झोपत असेल, तर वरचं सगळं तपासण्याआधी एकेक मोटर वेगळी लावून चाक कुठल्या दिशेला फिरतं ते बघा. समोरासमोर बसवलेल्या मोटर एकाच वायरने जोडल्या की उलट दिशांना फिरू पाहतात आणि मधल्या गियरवर एकमेकींना अडवून धरतात. गाडी हलत नाही, करंट मात्र पूर्ण. अशी गाडी तीन मिनिटंही टिकत नाही, दहा सेकंदांत गप्प होते. एक वायर उलटी करता येत नसेल तर दोघींमध्ये एक जादा गियर घाला, दिशा बदलते. एल मोटर मिनिटाला साधारण ३९० फेऱ्यांची, त्यामुळे ८१.६ च्या चाकावर १:१ ने ताशी सहा किलोमीटर. इथे मात्र २०:१२ ने वेग वाढवायला वाव आहे, दोन मोटरची ताकद मिळते म्हणून. तरी दहा मीटरची परीक्षा घ्याच.

जास्त व्होल्टेज देणारे कंट्रोलर हा उपाय बरेच जण सुचवतात, आणि हलक्या, मोकळ्या फिरणाऱ्या गाडीत त्यांनी खरंच मजा येते. पण घासणाऱ्या गाडीत जास्त ताकद ओतली की झोपण्याऐवजी तुटायला सुरुवात होते. आधी क्रॉसचे काटे, मग डिफरन्शियलच्या पोटातले छोटे गियर. लांब ॲक्सल तर जिलबीसारखे पिळलेले सापडतात. आधी ०.३५, मग ताकद.

आमची गाडी आता सकाळच्या वेळी २५ मिनिटं न झोपता पळते. तिच्यात मोटर तीच, बॅटरी बॉक्स तोच आणि रिसीव्हरही पहिलाच परत बसवलाय. एक गोष्ट उरली आहे. मागच्या ॲक्सलची बाहेरची भोकं झिजून लांबट होतायत. दोन-तीन आठवड्यांनी तिथे करडी पूड साचते आणि चाक डुगडुगायला लागतं. वेगात फिरणारा ॲक्सल, वर गाडीचं वजन आणि आत मातीचा कण, यांचं ते काम. सध्या तेवढे दोन बीम आम्ही बदलतो. जुने बीम भाच्याने डब्यात वेगळे ठेवलेत, त्यांवर मार्करने फुली मारून, म्हणजे चुकून पुन्हा मागे लागायला नकोत.